मंडळीत राहून विश्वासात वाढायचं कसं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल घेते आणि बुधवारची घरसभा सांभाळते. लोक खरे प्रश्न उपासनेत विचारत नाहीत. चपला घालताना, स्कूटर काढताना, नाहीतर कब्रस्तानातून परतताना रिक्षात विचारतात. तेच प्रश्न इथं लिहून काढलेत. मी पाळक (पाद्री) नाही, सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकलेली नाही. लिहिलेलं पाळकसाहेबांना दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली, त्यातली एक मी मानली.

दर रविवारी न चुकता उपासनेला येतो. तेवढं पुरत नाही का?

काही जणांना पुरत असेल. मला पुरलं नाही.

रविवारी आपण दीड तास बसतो, ते पुढच्या माणसाच्या मानेकडे बघत. आमच्याकडे एक गृहस्थ अकरा वर्षं डावीकडच्या चौथ्या बाकावर बसायचे. त्यांची पत्नी तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती. घरी आली तेव्हा आम्हाला कळलं, तेही तिच्या हातावरची सलाइनची पट्टी दिसली म्हणून. त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगावं असं कोणी त्यांच्या ओळखीचंच नव्हतं. अकरा वर्षांत! ती चूक आमची.

प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी दिल्यात: प्रेषितांचं शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना. आमच्या रविवारचा हिशेब मांडा. शिक्षण मिळतं. भाकर मोडणं, म्हणजे प्रभुभोजन, महिन्यातून एकदा होतं. प्रार्थना बहुतेक पाळकांच्या तोंडून होते आणि आपण शेवटी आमेन म्हणतो. सहभागिता मात्र फाटकापाशी पाच मिनिटांत उरकते, तीसुद्धा मुलांना भूक लागली नसेल तर. ती दुसरी गोष्ट आठवड्यात कुठंतरी भरून काढावी लागते. या पानावरचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

मी घरी बायबल वाचतो, यूट्यूबवर चांगले संदेश ऐकतो. मग मंडळी कशाला हवी?

संदेश जरूर ऐका. मीही स्वयंपाक करताना ऐकते. पण मोबाइलवरचा वक्ता तुम्हाला 'गेल्या आठवड्यात भावाशी बोललात का?' असं विचारत नाही. आवडलं नाही तर बोटानं वर सरकवता येतं. बाकावर शेजारी बसलेल्या बाईला सरकवता येत नाही.

नव्या करारात 'एकमेकां' हा शब्द किती वेळा येतो ते बघा. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांची क्षमा करा, एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा. यातलं एकही एकट्यानं खोलीत बसून करता येत नाही.

आणि येशूचा शिष्य थोमा आठवा. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा थोमा तिथं नव्हता. कुठं होता, योहान सांगत नाही. आपण थोमाला 'संशयी' म्हणून मोकळे होतो. मला त्या गोष्टीत वेगळंच दिसतं: विश्वास बसत नसतानाही तो पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत, त्याच लोकांत येऊन बसला. इतरांनीही त्याला बाहेर काढलं नाही. प्रभू त्याला तिथं भेटला.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, रविवारी ड्यूटी असलेल्या नर्सबाईंसाठी ऑनलाइन उपासना वरदानच आहे. त्यांच्याबद्दल हे नाही. त्यांच्या घरी आपण जायचं.

आध्यात्मिक वाढ झाली हे ओळखायचं कसं?

प्रार्थनेचा आवाज मोठा झाला, वचनं तोंडपाठ झाली, कमिटीत नाव आलं, यावरून ओळखू नका. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ सांगितलंय: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढची. ती यादी घरातल्या माणसांना वाचून दाखवा आणि आपल्याबद्दल विचारा. मी एकदा मुलीला विचारलं. 'सहनशीलता' या शब्दावर ती इतकी हसली की पुढं विचारायचं धाडस झालं नाही.

आपण घाईही फार करतो. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करण्याचा विधी) झालं, आता वाढ व्हायलाच हवी! पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. हिब्रू-ग्रीक शिकून पुढं अख्खं बायबल मराठीत आणणारी ही बाई. तिनं स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त व्यक्तिशः सापडायला आणखी आठ वर्षं लागली. त्या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. अमेरिकेत फिरून विधवांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. बाहेरून बघणाऱ्याला त्या पूर्ण वाढलेल्याच दिसल्या असत्या.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण मला आणखी जवळचं वाटतं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं काय झालं ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लपवाछपवी न करता लिहिलंय. नवऱ्यासोबत राहायला आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. ते सोवळं एका दिवसात सुटलं नाही. आज एक गोष्ट, काही महिन्यांनी दुसरी, असं सुटत गेलं. आणि सुटलं ते ख्रिस्ती माणसांमध्ये राहून, त्यांच्या घरांत वावरून. व्याख्यान ऐकून सुटलं असतं तर टिळकांसारखा बोलणारा घरातच होता की!

बायबल कुठून वाचायला घेऊ? उत्पत्तीपासून सुरू करतो आणि लेवीयमध्ये अडकतो.

सगळेच तिथं अडकतात. मार्कापासून सुरू करा. सोळा अध्याय आहेत, रोज एक घेतला तर सोळा दिवस. मग स्तोत्रं, मग प्रेषितांची कृत्ये. लेवीय नंतर, कोणाबरोबर तरी.

'कोणाबरोबर तरी' हे महत्त्वाचं. आमच्यातल्या दोघी बायका, एक शाळेत शिपाई आणि एक बँकेतून निवृत्त, रोज रात्री एकमेकींना व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त आकडा पाठवतात. '७' म्हणजे सातवा अध्याय झाला. आकडा आला नाही की सकाळी फोन: 'बरं नाही का गं?' चार वर्षं चाललंय. त्यांनी कोणतंही पुस्तक वाचून हे ठरवलेलं नाही.

भाषांतराबद्दल म्हणाल तर उपासनेत बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' वाचलं जातं, तेच हाताशी असू द्या. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं शेजारी ठेवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आमच्या गटात दोघांकडे आहे, आणि अडलेल्या ओळीवर त्याचा फार उपयोग होतो. रमाबाईंचं भाषांतर छापून पूर्ण झालं १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. आजी-आजोबांच्या ट्रंकेत एखादी प्रत निघाली तर रद्दीत घालू नका.

घरसभा म्हणजे नक्की काय? आमच्या भागात सुरू करायची तर कशी करायची?

कोणी घरसभा म्हणतं, कोणी कॉटेज प्रार्थना, कोणी नुसतंच 'बुधवार'. आठवड्यातून एकदा, कोणाच्या तरी घरी, आठ-दहा माणसं. गाणं, वाचन, बोलणं, प्रार्थना, चहा.

कल्पना जुनीच आहे. पहिल्या मंडळ्या घरातच जमायच्या. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरची मंडळी, नुम्फाच्या घरची मंडळी, अशी नावं पौलाच्या पत्रांत येतात. मला जास्त गंमत वाटते ती मेथडिस्टांच्या, म्हणजे जॉन वेस्लीनं सुरू केलेल्या चळवळीतल्या लोकांच्या, 'क्लास'ची. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्लीच्या लोकांवर प्रार्थनाघराचं कर्ज होतं. फेडायचं कसं? बारा-बारा जणांचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक प्रमुख, आणि त्यानं घरोघरी जाऊन आठवड्याला एक पेनी गोळा करायची. प्रमुख पेनी मागायला गेले आणि त्यांना घरात काय चाललंय ते दिसलं. कोणी दारू सोडू शकत नव्हतं, कोणाचं बायकोशी भांडण चाललेलं. कर्जाच्या वसुलीतून एकमेकांच्या जिवाची विचारपूस सुरू झाली आणि पुढं हीच त्या चळवळीची रीत झाली. आमच्या खजिनदारांना मी ही गोष्ट दर वर्षी सांगते.

आता आमच्या अनुभवातल्या चार गोष्टी.

एक, माणसं बारापेक्षा जास्त झाली की गट फोडा. आम्ही एकदा सतरांवर गेलो. बोलणारे पाच उरले, बाकीचे श्रोते झाले. फोडताना रडारड होते, होऊ द्या.

दोन, उपदेश नको. रविवारी झालेला संदेश किंवा एक उतारा घ्या आणि तीन प्रश्न विचारा: यात काय सांगितलंय, मला काय खटकलं, या आठवड्यात मी काय करणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहायचं आणि पुढच्या बुधवारी तिथूनच सुरुवात करायची. आमची वही शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. 'सासूबाईंना फोन करणे' ही नोंद एकाच हस्ताक्षरात सलग सहा बुधवार आहे. सातव्या बुधवारी तिच्यापुढं बरोबरची खूण आहे, आणि त्या दिवशी चहाबरोबर पेढे होते.

तीन, खाण्याची चढाओढ बंद करा. आमच्याकडे चहावरून पोहे, पोह्यांवरून समोसे, समोशांवरून पुलाव अशी मजल गेली, आणि एका भाडेकरू कुटुंबानं येणंच सोडलं, कारण आपली पाळी आली तर काय, ही धास्ती. आता नियम आहे: चहा आणि एक बिस्कीट. पार्लेजी चालेल. नव्हे, पार्लेजीच.

चार, ऐकलेलं बाहेर जाता कामा नये. 'प्रार्थनेसाठी सांगते हं' असं म्हणून एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात जाते, हा आपल्या मंडळ्यांचा जुना रोग. एकदा हे झालं की तो माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. आमच्याकडे एकदा झालंय. ज्या मुलाची गोष्ट फुटली तो आजही रविवारी येतो, आशीर्वाद होताच निघून जातो. त्याची मी दोनदा माफी मागितली आहे.

मला मोठ्यानं प्रार्थना करता येत नाही. शब्दच सुचत नाहीत.

कोणी सांगितलं मोठ्यानं करायला हवी म्हणून? बसा, ऐका, आमेन म्हणा. काही महिन्यांनी वाटलं तर एक वाक्य बोला. 'प्रभू, माझ्या भावाला नोकरी दे' ही पूर्ण प्रार्थना आहे. 'हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सर्वव्यापी' वगैरे लागत नाही.

सगळे मिळून प्रार्थना करतात तेव्हा काय होतं, याची आपल्याच मातीतली गोष्ट केडगावची. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या मुलींना विचारलं, माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरएक जणी पुढं आल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेच्या घरात गेला आणि दिवसातून दोनदा जमणं सुरू झालं. जूनच्या अखेरीस तिथं जे संजीवन (विश्वासाची नवी जागृती) झालं त्याबद्दल जगभर लिहिलं गेलंय. त्या मुलींमधल्या कितीतरी जणी दुष्काळातून वाचलेल्या, नुकतीच अक्षरं शिकलेल्या होत्या. शब्द सुचण्याचा प्रश्न त्यांनाही पडला असेलच.

टाळ-पेटीवरची भजनं आता कशाला? नवी गाणी, गिटार, कीबोर्ड का नको?

गिटारला माझी ना नाही. पण 'आता कशाला' या शब्दांना आहे.

सुरुवातीच्या मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी गीतं होती. अर्थ पवित्र, पण शब्दांचे आघात भलतीकडे, म्हणणाऱ्याची जीभ अडखळणार. टिळकांनी ओवी-अभंगाचं वळण उपासनेत आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आपलं गीतांचं पुस्तक 'उपासना संगीत' उघडा, त्यांच्या गीतांशिवाय आपला रविवार होत नाही. त्याहीआधी, १६१६ मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' ओवीतच छापलं गेलं. ख्रिस्ताबद्दल मराठीत बोलायचं तर ओवीचा आधार घ्यावासा वाटणं ही चारशे वर्षांची सवय आहे.

वाढीशी याचा संबंध काय? भजन एकट्यानं होत नाही. एक म्हणतो, बाकीचे झेलतात. ओळ तीनदा-चारदा फिरते, तोवर ती आत उतरते. आमच्या पेटीचा वरचा एक सूर दाबला की अडकून बसतो. वाजवणारे काका डाव्या हाताच्या करंगळीनं तो उचलत पुढं जातात आणि आम्ही सगळे त्या ठिकाणी आपोआप आवाज वाढवतो. नवी आलेली माणसंसुद्धा दोन महिन्यांत तिथं आवाज वाढवायला लागतात, कोणी शिकवलेलं नसताना. स्पीकरवर ट्रॅक लावला की लोक ऐकतात, गात नाहीत, एवढंच माझं म्हणणं. गिटार घ्या, पण म्हणणारे आपण असू द्या.

मंडळीतच गटबाजी आहे, निवडणुकीत भांडणं होतात. अशा ठिकाणी कसली वाढ होणार?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो आणि याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही.

कमिटीच्या निवडणुकीआधी महिनाभर आपली भावंडं एकमेकांच्या घरचा चहा पीत नाहीत. मालमत्तेचे वाद कोर्टात जातात. सोयरिकीच्या वेळी 'तुमचं मूळ गाव कुठलं' असं विचारताना खरा प्रश्न जातीचा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. 'ख्रिस्तात तुम्ही सर्व एकच आहात' हे गलतीकरांस ३:२८ आपण भिंतीवर लिहितो आणि पत्रिका बघताना विसरतो. हे नाकारून वाढ होत नाही.

करायचं काय? ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडे आधी एकट्यानं जा. मत्तय १८:१५ मध्ये हाच पहिला टप्पा आहे. साक्षीदार नंतर, मंडळी त्याहून नंतर. आपण नेमकं उलट करतो: आधी व्हॉट्सअ‍ॅप गटावर, मग बिशपांना पत्र, आणि त्या माणसाशी कधीच नाही. मी एकदा एका बाईंशी हंगामाच्या सणाला मंडळीत आणलेल्या वस्तूंच्या लिलावावरून दोन वर्षं बोलत नव्हते. विषय होता एक लाल भोपळा. माझी बोली ऐकूच आली नाही असं दाखवून तिनं तो आपल्या जावेला दिला, असं माझं मत. तिसऱ्या वर्षी प्रभुभोजनाला दोघी शेजारीशेजारी गुडघे टेकायला आलो. मत्तय ५:२४ (आधी भावाशी समेट कर, मग अर्पण वाहा) माहीत असूनही मी प्याला घेतला. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. संध्याकाळी तिच्या दारात गेले. ती म्हणाली, 'कुठला भोपळा?'

ही बाई मी निवडली नसती. मंडळी देते ती माणसं आपण निवडलेली नसतात, आणि माझा तापटपणा जो काही कमी झालाय तो तिच्यामुळे, मैत्रिणींमुळे नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. छळ, मारहाण, मुलांशी किंवा स्त्रियांशी गैरवर्तन, पैशांचा अपहार या गोष्टी 'क्षमा करा, सहन करा' म्हणून झाकायच्या नसतात. तिथं तक्रार करायची, गरज पडली तर पोलिसांत. गप्प बसवणाऱ्याला वचनं तोंडपाठ असली तरी त्याचं ऐकू नका.

पाळकांशी पटत नाही. मंडळी बदलू का?

वर शेवटी सांगितलेल्या कारणांसाठी असेल तर बदला. गाव बदललं, घर लांब गेलं, तरीही ठीक. संदेश कंटाळवाणे वाटतात म्हणून असेल तर वर्षभर थांबा. पाळकांच्या बदल्या होतात, मंडळी तिथंच राहते. माझ्या काळात पाच पाळकसाहेब होऊन गेले. पहिल्यांचा आवाज फार चांगला, दुसऱ्यांचा अभ्यास, तिसऱ्यांचं काहीच नाही असं आम्ही म्हणायचो. कोविडमध्ये दफनविधीला नातेवाईक यायला धजत नव्हते, तेव्हा तेच तिसरे पीपीई किट घालून उभे राहिले.

पद्धती वेगळ्या म्हणूनही बिचकू नका. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांची मंडळं एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली. बिशप मानणारे आणि न मानणारे, बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणीच देणारे, एका छताखाली आले. पन्नास वर्षांनंतरही आमच्याकडे 'आमच्या जुन्या मिशनमध्ये असं नव्हतं' हे वाक्य महिन्यातून एकदा ऐकू येतंच.

मला गाता येत नाही, बोलता येत नाही. मंडळीत मी काय सेवा करू?

चटया अंथरा. पंख्यांवरची धूळ काढा. म्हाताऱ्यांना रविवारी गाडीवरून आणा. दवाखान्यात रात्री सोबतीला कोणीतरी लागतंच, विशेषतः ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना. मयतीच्या घरी तिसऱ्या दिवसानंतर जा, कारण पहिल्या दोन दिवशी सगळेच येतात. १ करिंथकरांस १२ मध्ये शरीराचे जे अवयव अशक्त दिसतात तेच जास्त आवश्यक आहेत असं म्हटलंय. आमच्या मंडळीत ते म्हणजे चाव्या सांभाळणारे मामा. ते गावाला गेले की उपासना अर्धा तास उशिरा सुरू होते.

पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या (ईस्टरआधीच्या) उपवासकाळात काय सोडू?

राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, मधले रविवार न धरता, चाळीस दिवस. मटण सोडणारे सोडोत. आमच्या गटानं गेल्या दोन वर्षांपासून सोडण्याऐवजी एक धरलंय: यादीत नाव आहे पण वर्षभर दिसलेले नाहीत अशा घरी जायचं, आठवड्याला एक घर. 'उपासनेला का येत नाही' असं विचारायचं नाही, हा नियम. नुसतं बसायचं, चहा घ्यायचा, प्रार्थना करू का विचारायचं. एका घरी 'नको' म्हणाले. मग क्रिकेटवर बोललो.

मुलं मोठी झाली की येईनाशी होतात. काय करावं?

त्यांना काम द्या, तेही खरं. 'तरुणांचा रविवार' म्हणून वर्षातून एकदा वाचन करायला लावलं की झालं, असं आपण समजतो. आमच्याकडे एका एकोणीस वर्षांच्या मुलाला हिशेबाची वही दिली. कमिटीतल्या दोघांनी नाकं मुरडली. त्यानं पहिल्याच महिन्यात विजेच्या बिलातली चूक काढली, आता एकही रविवार चुकवत नाही. इंग्रजी उपासनेकडे जाणाऱ्यांना टोमणे मारू नका. तिकडेही प्रभूच आहे. फक्त घरात मराठी प्रार्थना चालू ठेवा. आजीशी कोणत्या भाषेत प्रार्थना करायची, हा प्रश्न तिच्या शेवटच्या आजारात पडतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

मी नव्यानं विश्वासात आलोय. घरचे नाहीत. मंडळीत आणि घरात कसं निभावू?

सावकाश. घरच्यांना तोडू नका, त्यांच्या सणांना नावं ठेवू नका. आई-वडिलांचा मान राखणं ही दहा आज्ञांतलीच एक आज्ञा आहे. टिळकांनी आपलं नाव बदललं नाही, मराठी कविता सोडली नाही. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्या घरी राहून गेले, ते हिंदूच राहिले आणि घरच्यासारखे राहिले. बाप्तिस्म्याची घाई कोणी करत असेल तर 'थांबा' म्हणा. कायद्याच्या बाबी काय आहेत त्या पाळकांना आणि जाणत्या वकिलांना आधी विचारा. आणि मंडळीतल्या एका कुटुंबाशी घट्ट धरून राहा. नाताळच्या रात्री एकट्यानं खोलीवर बसावं लागू नये म्हणून तरी.

माझी मावशी कॅथोलिक, आम्ही प्रोटेस्टंट. तिच्याकडच्या प्रार्थनेला गेलं तर चालेल?

जा की. वसईला कोणाच्या घरी संध्याकाळची जपमाळ चालू असेल तर शांत बसा, पवित्र शास्त्राचं वाचन होईल ते ऐका. कम्युनियनचे, म्हणजे प्रभुभोजनाचे, नियम वेगळे आहेत तेवढे पाळा.

दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) दिलाच पाहिजे का?

२ करिंथकरांस ९:७ वाचा: मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुर न करता. कर्ज काढून देऊ नका. अमुक दिलं की तमुक दुप्पट मिळेल असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा. पावती मागायला लाजू नका.

गेले कित्येक महिने प्रार्थनेत मन लागत नाही. मी मागं पडलोय का?

कदाचित थकला असाल. स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी आनंदाची ओळ जोडलेली नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मला असं दीड वर्ष झालं होतं, आईच्या मृत्यूनंतर. बुधवारी मी जायची आणि भिंतीला टेकून बसायची. इतर जण गायचे, मी ओठही हलवायची नाही. एकदा कोणीतरी म्हणालं, 'तुझ्या वाटचं आम्ही म्हणतो, तू बस.' झोप उडणं, जेवण तुटणं, जगू नये असं वाटणं, हे असेल तर डॉक्टरांकडेही जा. प्रार्थना आणि गोळी यांचं भांडण नाही.

पहिल्यांदाच घरसभेला येतोय. काय आणू?

बायबल, चष्मा लागत असेल तर चष्मा. बायबल नसलं तरी चालेल, आमच्याकडे दोन जास्तीची आहेत, एकाचं मलपृष्ठ गेलंय. खाऊ आणू नका. चपला जिन्याखालीच काढा, वर जागा नसते. साडेसातला सुरू होतं असं सांगतात, पण पेटीवाले काका सात पन्नासच्या बसनं येतात.